हिरव्या यंत्राचा नारळ

बुधवार, दिनांक २० एप्रिल २००५, सकाळचे साडेदहा. त्या वेळी दोन गोष्टी एकदम घडल्या. जव्हारची वीज गेली आणि सूर्यमाळचा एक माणूस माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. पहिली गोष्ट रोजची होती. भारनियमनाचे वेळापत्रक फळ्यावर लिहिलेले असे. वीज ते वाचत नसे.

माणूस ओळखीचा होता. मी सुतार. माझे दुकान एसटी डेपोच्या मागच्या रस्त्याला होते, आणि त्याने दोन पावसाळे माझ्याकडे चौकटी बसवण्याचे काम केले होते. पुढे तो ठाण्याला बांधकामावर गेला. वर्षातून दोनदा घरी येई. आला की माझ्या पायरीवर बसून पाणी पिई आणि निघून जाई. त्या दिवशी तो बसला नाही.

"बाबा, मशीन घ्यायची हाय. तुम्ही चला."

"कसली?"

"भोकं पाडायची. हिरवी."

हा शब्द त्याने हलक्या आवाजात उच्चारला. ते योग्यच होते. भिंतीपलीकडे चाचांचे दुकान होते.

येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. त्या काळी आमच्या बाजारात ड्रिल मशिनीच्या दोन कंपन्या चालत. त्यांची नावे देत नाही; गावातही ती कोणी घेत नसे. एकीचे यंत्र हिरवे, दुसरीचे लाल. नव्वद सालानंतर ही यंत्रे घाट चढून वर आली आणि पाहता पाहता सुतार, गवंडी, वायरमन, ग्रीलवाले, इतकेच काय, भिंतीवर कॅलेंडर टांगण्यापलीकडे भोकाशी संबंध नसलेली माणसेही दोन बाजूंना वाटली गेली. हिरवा माणूस लाल माणसाकडे भोक पाडायचे बिट मागत नसे. लाल माणूस हिरव्याने पाडलेल्या भोकात खिळा ठोकत नसे. शेजारी नवे भोक पाडत असे. एका हिरव्या घरात छताचा पंखा तीन आठवडे खाटेवर पडून राहिला, कारण हिरवा वायरमन आजारी होता आणि लाल वायरमन समोरच्याच घरात राहत होता. लग्ने जमवताना रंग विचारत नसत, एवढेच.

मी हिरवा. एक्क्याण्णव साली यंत्र घ्यायला गेलो तेव्हा दुकानात हिरवेच होते. निष्ठेचे मूळ एवढेच. तिची कारणे पुढे सवडीने जमा झाली. चौदा वर्षांत माझ्या यंत्राच्या मोटरीतले कार्बन अनेकदा बदलले, केबल दोनदा बदलली, बिट धरणारा चक एकदा. तरी ते तेच यंत्र होते, असे मी मानत असे, आणि त्याबद्दल कोणाशी वाद घालत नसे.

चाचा लाल. ग्रील, जाळ्या आणि लोखंडी दारे हा त्यांचा धंदा. त्यांची माझी भिंत एक, पाण्याचा माठ एक, विजेचे मीटर एक. सकाळचा चहा त्यांचा, दुपारचा माझा. फक्त यंत्रांविषयी आम्ही चौदा वर्षांत एकही समंजस वाक्य बोललो नव्हतो.

सूर्यमाळवाल्याची हकीकत अशी. मोखाड्यात एका ठेकेदाराने इमारतींच्या दारा-खिडक्यांचे काम घेतले होते. काम दिवाळीपर्यंत पुरणारे होते. अट अशी, की माणसाने स्वतःचे यंत्र आणावे आणि ते हिरवे असावे.

"हिरवेच का?" मी विचारले. मला उत्तर माहीत असावे असे वाटत होते, तरी विचारले.

"त्याचे घराच्या खिडक्यांना लाल मशीननी भोकं पाडली. पैल्याच पावसात सलॅब गळला."

खिडकीचे भोक आणि स्लॅबची गळती यांचा संबंध मी हिरव्या पक्षाचा असल्यामुळे मला तत्काळ पटला.

"उद्या सकाळी मशीन घेऊन उभा नाय रायलो, त दुसरा मानूस घेल तो," तो म्हणाला.

"मग?"

"मंग ठाण्याला. परत."

मग त्याने सांगितले, की आई अंथरुणाला खिळली आहे. पाड्याची विहीर आटली. बायको पहाटे आणि संध्याकाळी दरीतल्या झऱ्यावर जाते. मागच्या महिन्यात अंधारात तिचा पाय सरकला, हंडा दरीत गेला आणि ती घोटा सुजवून वर आली. दुसऱ्या दिवशी त्याच घोट्याने पुन्हा खाली गेली.

"मोखाड्यात काम असला, त सांजचा मी घरी येन. सांजचा पाणी मी आणीन."

दिवसभरात त्याने पाण्याचा विषय पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. मी कानावरची पेन्सिल फळीवर ठेवली आणि त्याच्याबरोबर निघालो.

हार्डवेअरचे दुकान बाजाराच्या तोंडाशी होते. शेठ गल्ल्यावर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होते. त्यांच्या दुकानात यंत्र विकण्याची एक पद्धत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. यंत्र पसंत पडले की पैसे आधी गल्ल्यात पडत. मग शेठ नारळ काढत. नव्या यंत्राचे पहिले भोक नारळाला पाडायचे, तेही डोळ्याला नव्हे, पोटाला. डोळ्याला भोक पाडणे ही लबाडी समजली जाई. पहिले पाणी उंबऱ्यावर, दुसरे गिऱ्हाइकाच्या ओंजळीत, उरलेले शेठच्या पेल्यात. पूर्वी थोडे यंत्रावरही शिंपडत. एका गिऱ्हाइकाला झटका बसल्यावर तेवढे बंद झाले.

नारळाला भोक पडल्याशिवाय यंत्र गिऱ्हाइकाच्या हाती उंबऱ्याबाहेर जात नसे. आणि ज्या यंत्राने त्याच्या नावाच्या नारळाला भोक पडले, तेच त्याचे. एकदा एका मास्तरांच्या नारळाला गडबडीत दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या यंत्राने भोक पडले. मास्तर ते यंत्र घेऊन गेले आणि तो मास्तरांचे घेऊन गेला. कोणी तक्रार केली नाही, कारण ती नारळाकडे करावी लागली असती.

"हिरवी?" शेठ म्हणाले. "मिस्त्री, हिरवीचा एजंट होळीनंतर घाट चढलेला नाही. लाल आहे. आत्ताच पेटी फोडलीय. बघा तरी."

"मना हिरवीच पायजे," सूर्यमाळवाला म्हणाला.

"अरे दादा, तुझ्या पाड्यावर लाइट आहे का?"

"नाय."

"मग रंगाचं काय घेऊन बसलास? अंधारात सगळ्या काळ्याच."

शेठ मूळचे कोणत्याही पक्षाचे नव्हते. जे कपाटात असेल त्याचे ते कट्टर असत. हिरव्या यंत्रांची पेटी आली की ते हिरव्याचे गुण गात, आणि त्यात मला ढोंग कधी दिसले नाही. ते मनापासून गात. त्या दिवशी कपाटात लाल होते. लालचे वजन, लालची केबल, लालच्या पेटीत फुकट मिळणारी तीन बिटे, यांचे वर्णन त्यांनी डोळे अर्धे मिटून केले. मी यंत्र हातात घेतले. वजन ठीक होते. मूठ ठीक होती. मी ते खाली ठेवले.

"काय झालं?" शेठ म्हणाले.

"लाल आहे."

"ते तर पेटीवरच लिहिलंय!"

एवढ्यात चाचा आले. आम्हाला बाजाराकडे जाताना त्यांनी पाहिले होते आणि वीज नसल्यामुळे त्यांना दुसरा उद्योग नव्हता.

"सलाम, शेठ. कोण घेतंय?" मग सूर्यमाळवाल्याकडे पाहून, "तू? अरे वा! लाल घे. डोळे मिटून घे. मिस्त्रींकडे बघू नको, त्यांची म्हातारी खोकते आता."

"ती खोकत नाही," मी म्हणालो.

"खोकते. भिंतीतून ऐकू येतं मला. घर्र, घर्र, थांब. घर्र, घर्र, थांब. दम लागतो बिचारीला."

"तो कार्बनचा आवाज आहे."

"कार्बन आमच्याकडे पण आहे. आवाज नाही करत."

सूर्यमाळवाल्याने ठेकेदाराची अट चाचांना सांगितली. स्लॅबचा भाग आला तेव्हा चाचांनी छातीवर हात ठेवला. त्यांना खरोखर दुःख झाले होते.

"स्लॅब गळतो सेंट्रिंगमुळे. लालला कशाला बदनाम करता? ठेकेदाराला मी चिठ्ठी देतो. नाही तर असं करा, मिस्त्री. आणा तुमची म्हातारी. एकाच फळीवर दोन्ही चालवू. हा स्वतः बघेल आणि जाऊन ठेकेदाराला स्वतःच्या तोंडाने सांगेल."

मी जाऊन माझे यंत्र आणले. आणायला नको होते, असे कोणी म्हणेल. परंतु चौदा वर्षांच्या यंत्राविषयी भर बाजारात असे बोलले गेल्यावर ते दुकानात खुंटीला टांगून ठेवणे मला शक्य नव्हते.

परत आलो तेव्हा सूर्यमाळवाल्याने पैसे मोजून गल्ल्यावर ठेवले होते. शेठने त्याला समजावले होते, की आज लाल घेतली नाही तर आज काहीच मिळणार नाही. रंग नसलेल्या माणसापेक्षा चुकीच्या रंगाचा माणूस ठेकेदाराला बरा वाटेल. तो लाल यंत्राकडे पाहत होता, पण त्याला हात लावत नव्हता. मोखाड्याची शेवटची सोयीची गाडी चारला होती.

शेठने नारळ काढला. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आले, की वीज नाही.

आम्ही एक वाजेपर्यंत दुकानात बसून पंख्याकडे पाहिले. पंखा हलला नाही.

"हाताने फोडला तर?" सूर्यमाळवाला म्हणाला.

शेठने नारळ उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

अखेर आम्ही विजेच्या शोधात बाहेर पडलो. पुढे शेठ, त्यांच्या हातात लाल यंत्र. मागे चाचा, त्यांच्या हातात एक्स्टेंशनची गुंडाळी आणि काखेत परीक्षेची सागाची फळी. त्यामागे मी, माझ्या हातात माझे यंत्र. आणि सगळ्यांत शेवटी सूर्यमाळवाला, दोन्ही हातांत नारळ धरून, एखाद्या देवस्थानाला निघाल्यासारखा. रस्त्यावरच्या बायका बाजूला झाल्या. एका म्हाताऱ्याने त्याला नमस्कार केला.

प्रथम पिठाची गिरणी. गिरणी चालू होती, पण डिझेल इंजिनावर. गिरणीवाल्याने सगळे ऐकून घेतले आणि तो म्हणाला, "लाइट नाय माझ्याकडं. पण तुमच्या मशीनला पट्टा लावतो. फिरेल की."

शेठ क्षणभर विचारात पडले. मी त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर आणले.

मग झेरॉक्सचे दुकान. तिथे इन्व्हर्टर होता आणि कचेरीच्या कामाला आलेल्या माणसांची रांग होती. शेठच्या शब्दाखातर झेरॉक्सवाल्याने एक पिन मोकळी करून दिली. चाचांनी लालचे बटण दाबले. यंत्राने अर्धा फेरा घेतला, इन्व्हर्टरने शिटी मारली आणि दुकानात अंधार झाला. झेरॉक्स मशीनच्या तोंडातून एका माणसाचा सातबारा अर्धा बाहेर आलेला होता, तो तेथेच राहिला.

"माझी जमीन अडकली!" तो माणूस ओरडला.

"किती बाहेर आलीय?" रांगेतून दुसऱ्याने विचारले.

"विहिरीपर्यंत."

आम्ही तेथे अधिक थांबलो नाही. रस्त्यावर आल्यावर चाचा म्हणाले, "बघितलं? लालनं पूर्ण दुकान झोपवलं. ही ताकद."

"हा अधाशीपणा," मी म्हणालो. "हिरवी इतकी वीज खात नाही."

"खायला दात लागतात, मिस्त्री."

सव्वातीन झाले होते. सूर्यमाळवाला डेपोच्या दिशेला पाहू लागला होता. नेमकी त्याच वेळी वरच्या रस्त्याने जामसरची एक वरात बाजारात उतरली. पुढे फुगे लावलेल्या जीपमध्ये नवरदेव, मागे टेम्पोवर बेंजो पार्टी, त्यामागे नाचणारी माणसे. बेंजो विजेवर चालतो. टेम्पोच्या मागच्या फळीवर जनरेटर धडधडत होता.

शेठच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता आली, ती मी त्यांच्या गल्ल्यावरही कधी पाहिली नव्हती. ते टेम्पोबरोबर चालू लागले.

"एक पिन दे रे," त्यांनी जनरेटरवाल्याला सांगितले.

"काय?"

"पिन! नारळ आहे. नवी मशीन आहे. शुभ काम आहे."

"इकडं पण शुभच चाललंय, शेठ!"

"मग दोन्ही होतील. केबल माझ्याकडून घेतलीस ना, ती उधार..."

जनरेटरवाल्याने वाक्य पुरे होऊ दिले नाही. पिन मिळाली. मात्र त्याने एक अट घातली, की वरात थांबणार नाही. मुहूर्त गाठायचा होता. ज्याला भोक पाडायचे त्याने चालता चालता पाडावे.

त्याप्रमाणे आम्ही वरातीत सामील झालो. एक्स्टेंशनचा बोर्ड शेठच्या गळ्यात. त्यातून दोन केबली निघाल्या, एक चाचांकडे, एक माझ्याकडे. सूर्यमाळवाल्याने शेठच्या दुकानातली सागाची फळी ताटासारखी दोन हातांवर धरली. नारळ घरंगळू नये म्हणून त्याने खांद्यावरच्या पंच्याची चुंबळ करून फळीवर ठेवली आणि तीत नारळ बसवला. चुंबळ त्याने फार सफाईने केली. पाड्यावर ती हंड्याखाली लागते.

आधी फळीवर परीक्षा झाली; परीक्षेचे भोक शेठच्या पद्धतीत मोजले जात नसे. बेंजो कोणते तरी हिंदी गाणे वाजवत होता आणि आम्ही दोघे, साठीच्या आसपासची दोन माणसे, तोल सांभाळत, एका पावलाला थोडे, पुढच्या पावलाला थोडे, असे सागाला भोक पाडत चाललो होतो. नाचणाऱ्यांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. काहींनी आमच्याभोवती फेर धरला. एका बाईने माझ्या कपाळाला हळदीचे बोट लावले. मी ते पुसले नाही; हात मोकळा नव्हता.

"लाल पुढं आहे!" चाचा ओरडले.

"तुमची फळी मऊ बाजूची आहे."

"एकाच झाडाची फळी आहे, मिस्त्री!"

"झाडाला दोन बाजू असतात."

डेपोच्या वळणावर शेठने घड्याळ पाहिले आणि आज्ञा केली, "परीक्षा पुरे. नारळ! लाल, पुढे या."

चाचांनी बिट नारळाच्या पोटावर टेकवले. सूर्यमाळवाल्याने मान दुसरीकडे फिरवली. तो डेपोकडे पाहत नव्हता, नारळाकडेही पाहत नव्हता. रस्त्याच्या कडेला सार्वजनिक नळावर रिकामे हंडे रांगेत मांडले होते, त्यांकडे तो पाहत होता.

त्या क्षणी नवरदेवाचा मामा गर्दीतून आला. तो फेट्यात होता आणि आनंदात होता.

"चाचा! तुम्ही नाचायचंच! माझ्या भाच्याचं लग्न हाय!"

"अहो, माझ्या हातात मशीन..."

"घेऊनच नाचा!"

मामाने चाचांना कमरेला धरून फिरवले. लाल यंत्र चाचांच्या डोक्यावर गेले. त्याचे बटण लॉक झाले होते, त्यामुळे ते वर भणभणत राहिले आणि चाचा केबलमध्ये गुंडाळले जात राहिले. फळीसमोर मी होतो. माझ्या हातात माझे यंत्र होते. ते चालू होते.

धक्का लागला.

हिरव्या यंत्राचे बिट नारळाच्या पोटात शिरले. डोळ्यात नव्हे, पोटात, बरोबर मध्यभागी. पाण्याची बारीक धार उडाली आणि सूर्यमाळवाल्याच्या सदऱ्यावर पडली. पुढच्याच क्षणाला जनरेटरने एक उचकी दिली आणि तो बंद पडला. बेंजो सुराच्या मध्यावर थांबला. नाचणारी माणसे हात वर केलेल्या स्थितीत उभी राहिली. सगळ्या बाजारात केवळ नारळाचे पाणी फळीवर टपकत असल्याचा आवाज होता.

जीपमधून नवरदेवाचा बाप उतरला.

"जनरेटर कोणी बंद पाडला?"

"लालनं," चाचा केबलच्या आतून म्हणाले. "ताकदीच्या मशीनला असला जनरेटर पुरत नाही."

"हिरवीने," मी म्हणालो. असे श्रेय फुकट जाऊ देणे मला पटले नाही.

"म्हणजे दोघांनी!" तो म्हणाला. "दोघे मिळून चालू करा. नाही तर बेंजो तुम्ही वाजवायचा, दोघांनी, तोंडानं, मांडवापर्यंत!"

मी आणि चाचांनी आळीपाळीने जनरेटरची दोरी ओढली. चाचांनी शिवी दिली, तेव्हा तो चालू झाला. वरात पुढे गेली. आम्ही चौघे रस्त्यात उरलो.

शेठ नारळ हातात घेऊन वळवून पाहत होते. त्यांनी भोकात करंगळी घातली, बाहेर काढली, चाखली.

"नारळ कोणाच्या नावाचा?" त्यांनी विचारले. हा प्रश्न नव्हता, पद्धत होती.

"माझे नावाचा," सूर्यमाळवाला म्हणाला.

"भोक कोणी पाडलं?"

उत्तर माझ्या यंत्राच्या बिटावरून ठिबकत होते.

"मग हिरवी ह्याची," शेठ म्हणाले. "आणि लालचे पैसे भरलेत, ती मिस्त्रींची. माझ्या दुकानात नारळाच्या पुढे माझंही चालत नाही."

"पर शेठ, ती त बाबांची..." सूर्यमाळवाला म्हणाला.

"होती," मी म्हणालो.

चाचा केबल सोडवत होते. ते थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"मिस्त्री, धक्का कोणी दिला?"

"गर्दी होती."

"तुमच्या मागं कोणीच नव्हतं. मी फिरत होतो, मला चारी बाजू दिसत होत्या."

"म्हणूनच तोल गेला. मागे आधार नव्हता."

चाचांनी खाली बसून माझ्या यंत्राची केबल हाताच्या कोपराला आठ आकड्यात गुंडाळली, मी गुंडाळतो तशी. चौदा वर्षांत त्यांनी हिरव्या यंत्राला प्रथमच हात लावला होता. नंतर तो हात त्यांनी सदऱ्याला पुसला.

डेपोत मोखाड्याची गाडी लागलेली होती. मी त्याला खिडकीची जागा धरून दिली. यंत्र त्याने मांडीवर घेतले, त्याच्यावर नारळ ठेवला आणि दोन्हींवर तो पंचा टाकला.

"बाबा, तुमचे कामाचा काय?"

"माझ्याकडे नवीन आहे."

"लाल हाय ती."

"मला दिसते."

त्याने वाकण्याचा प्रयत्न केला. मांडीवर यंत्र असल्यामुळे त्याला वाकता आले नाही, हे बरे झाले.

"चकची किल्ली केबलला टेपने बांधलेली आहे," मी सांगितले. "ती सोडू नकोस. खोकली तर कार्बन बदल. आणि ठेकेदाराने विचारले, किती वर्षांची, तर चौदा सांग. जुन्या हिरवीला कोणी नाही म्हणत नाही."

गाडी सुटली. पुढे त्या दिवाळीपर्यंत तो ठाण्याला गेला नाही, एवढे मला कळले. अधिक चौकशी मी केली नाही.

दुकानात परतलो तेव्हा पाच वाजून गेले होते. वीज अजून आली नव्हती. लाल यंत्र शेठने माझ्या बाकावर आणून ठेवले होते. पेटीत तीन बिटे फुकट होती. मी त्याच्यासमोर स्टुलावर बसलो. चाचा दारात आले.

"मुबारक हो, मिस्त्री. शेवटी आलात घरी."

ते हसत नमाजाला निघून गेले. रस्त्याने जाताना त्यांनी ही बातमी निदान चार दुकानांत दिली, हे त्या दुकानांतून आलेल्या आवाजांवरून मला समजले.

मग मी दार अर्धे लोटले. मागच्या महिन्यात शाळेच्या खिडक्यांना वापरलेला हिरवा ऑइलपेंट डब्यात शिल्लक होता. वरची साय काढली. यंत्राला काचपेपर मारला, हवेच्या जाळीत कागद कोंबला, चकला आणि बटणाला टेप लावला, आणि ब्रश बुडवला. लालवर हिरवा एका हातात बसत नाही. पहिल्या हाताला यंत्र चिंचेच्या कोळासारखे दिसू लागले. खिडकीला असतो तसा घट्ट दुसरा हात दिला. उजेड कमी होत चालला होता. कडा नीट दिसत नव्हत्या.

"कसला वास?" चाचा परतले होते. दाराबाहेरूनच विचारत होते.

"खिडकी रंगवतो आहे."

"अंधारात?"

"गिऱ्हाइकाला घाई आहे."

दार उघडले. त्यांच्या हातात कंदील होता. त्यांनी बाकाकडे पाहिले. मला वाटले, ते ओरडतील, आणि तसे झाले असते तर मला काही म्हणता आले नसते. त्यांच्या पक्षाच्या यंत्रावर मी त्यांच्याच भिंतीशेजारी हे करत होतो. चाचांनी कंदील माझ्या खांद्यावरून पुढे आणला आणि वात मोठी केली.

"मुठीखाली," ते म्हणाले. "खिडकीच्या मुठीखाली लाल राहिलंय."

मी मुठीखाली ब्रश फिरवला. त्यांनी कंदील दुसऱ्या बाजूला नेला. तेथेही थोडे राहिले होते; तेही झाकले. यंत्र तारेच्या आकड्याने जुन्या खुंटीला अडकवले, खाली वर्तमानपत्र पसरले, रॉकेलमध्ये ब्रश धुतला, फडक्याने पुसला आणि डब्याचे झाकण हातोडीने चारी बाजूंनी ठोकून बसवले.